मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्याचे शिक्षण

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर चेव्हियट नावाची डोंगरांची रांग आहे. या डोंगरांवर झाडी थोडी आणि वारा फार. एकेका शेतकऱ्याच्या काही शेकडा मेंढ्या तेथे उघड्या माळावर मोकळ्या चरत असतात. मेंढपाळ दिवसभर त्यांच्यामागे फिरत नाही. परंतु विण्याच्या हंगामापूर्वी, लोकर कातरण्याच्या वेळी, अंगावरील कीड मारण्यासाठी औषधाच्या पाण्यात बुडविण्याच्या वेळी आणि शरद ऋतूत बाजाराला नेण्यापूर्वी त्या साऱ्या डोंगरावरून खाली आणाव्या लागतात. केवळ माणसांच्या बळावर हे काम करावयाचे म्हटले, तर अर्धे गाव डोंगरावर चढवावे लागेल. आणि तरीही चारी दिशांना उधळणाऱ्या मेंढ्या हाती लागतील याचा भरवसा नाही. प्रत्यक्षात हे काम एक माणूस आणि त्याची एक-दोन कुत्री करतात.

हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याला वाटते, की कुत्र्याला मेंढ्यांमागे धावण्याचे शिक्षण दिले असावे. वस्तुतः धावणे त्याला जन्मतःच येते. त्याला शिकवावे लागते ते थांबणे. मेंढपाळाच्या कुत्र्याचे सारे शिक्षण या एका गोष्टीभोवती फिरते.

धनगरांची कुत्री महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या माळरानांवर सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांचे काम मात्र वेगळे. धनगराचा कळप माणसाबरोबर चालतो. त्याची हाक आणि काठी मेंढ्यांच्या ओळखीची असते. त्यामुळे पांगलेल्या मेंढ्या गोळा करणे ही तेथील मोठी अडचण नाही. तेथील भय लांडग्याचे. रात्री एखाद्याच्या शेतात मेंढ्या बसविल्या म्हणजे त्यांच्याभोवती जागता पहारा लागतो, आणि तो ही कुत्री देतात. असा कुत्रा पिल्लू असल्यापासून मेंढ्यांतच वाढतो, त्यांना आपले गणगोत मानतो आणि परक्यावर तुटून पडतो. तो मेंढ्यांच्याच मागे लागला तर तो त्याचा दोष ठरतो. ब्रिटनमधून लांडगा काही शतकांपूर्वीच नाहीसा झाला. तेथे राखणदाराची गरज संपली आणि दूरवर पांगलेला कळप वळवून आणणाऱ्याची गरज उरली. एक कुत्रा मेंढ्या राखतो, दुसरा मेंढ्या वळतो; धंदा एकच असला तरी दोघांचा स्वभाव आणि दोघांचे शिक्षण भिन्न आहे.

वळणाऱ्या कुत्र्याचा स्वभाव समजून घेण्यास लांडग्याचीच शिकार आठवावी लागते. शिकारीच्या ठराविक पायऱ्या असतात : सावज हेरणे, त्याच्यावर टक लावणे, दबा धरून पुढे सरकणे, पाठलाग करणे, पकडणे आणि शेवटी ठार मारणे. मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या निवड करून यांतील पहिल्या पायऱ्या बळकट केल्या आणि शेवटच्या दुबळ्या केल्या. पोट जमिनीला टेकवून, मान खाली घालून, डोळे न हलविता पुढे सरकणारा बॉर्डर कॉली जातीचा कुत्रा वस्तुतः शिकारच करीत असतो. फक्त ती शिकार मध्येच थांबलेली असते. त्याच्या या रोखून पाहण्याला तेथील मेंढपाळ नुसते ‘डोळा’ असे म्हणतात. नॉर्दम्बरलंडमधील ॲडम टेल्फर या शेतकऱ्याने मोकळ्या स्वभावाचा रॉय आणि बुजरी पण जबर ‘डोळ्या’ची मेग यांचा संकर केला. त्यांच्यापासून १८९३ साली ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्माला आला. तो भुंकल्यावाचून, चावल्यावाचून, केवळ दृष्टीच्या धाकाने मेंढ्या हलवीत असे. आजच्या बहुतेक सर्व बॉर्डर कॉली कुत्र्यांची वंशावळ त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचते.

पिल्लाचे शिक्षण मेंढ्यांपासून दूर, घराच्या अंगणात सुरू होते. आपले नाव ओळखणे, हाक मारताच परत येणे आणि सांगितल्याबरोबर जमिनीवर बसणे, एवढे तीन धडे प्रथम पक्के करतात. मेंढ्यांपुढे नेण्याची घाई जाणता मेंढपाळ करीत नाही. मेंढ्यांना वळसा घालून त्यांच्या पुढे जाण्याइतका वेग पिल्लाच्या अंगी आला पाहिजे. तोवर त्याला नुसता पाठलाग करण्याची सवय लागते, आणि एखाद्या मेंढीने उलटून टक्कर दिली तर त्याची हिंमत कायमची खचते. साधारणतः आठ महिन्यांपासून वर्षभरापर्यंतच्या वयात ही पात्रता येते.

पहिल्या दिवशी लहानशा शेतात पाच-सहा शांत, कुत्र्याला सरावलेल्या मेंढ्या ठेवतात. पिल्लू सुटते आणि त्यांच्याभोवती गोल धावू लागते. येथे त्याची उपजत बुद्धी मेंढपाळाच्या उपयोगी पडते. या जातीच्या कुत्र्याची ओढ नेहमी मेंढ्यांच्या पलीकडे, माणसाच्या बरोबर समोर जाऊन उभे राहण्याची असते. घड्याळाच्या तबकडीवर माणूस सहाच्या आकड्याशी उभा असेल, तर कुत्रा बाराच्या आकड्याशी जातो आणि मेंढ्या मध्ये राहतात. माणूस नऊकडे सरकला तर कुत्रा तीनकडे सरकतो. या समोरासमोरच्या स्थितीला ‘तोल’ म्हणतात. पिल्लू तोलावर आले, की त्याच क्षणी मेंढपाळ त्याला बसावयास सांगतो. ते बसले, की स्वतः मागे मागे चालू लागतो. मेंढ्या त्याच्याकडे येतात, आणि पिल्लू हलके हलके त्यांना आणू लागते. पुन्हा मेंढ्या हलविण्याची संधी हेच त्याचे बक्षीस. खाऊची गरज पडत नाही.

हुकूम शिकविण्याची रीतही याच तत्त्वावर चालते. शब्द आधी आणि कृती मागून, असा क्रम येथे नसतो. कुत्रा आपण होऊन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळसा घेऊ लागला म्हणजे मेंढपाळ ‘कम बाय’ असे म्हणतो. उलट दिशेने निघाला म्हणजे ‘अवे टू मी’ म्हणतो. कृतीला असे नाव मिळत मिळत काही आठवड्यांनी त्या नावानेच कृती घडू लागते. ‘वॉक अप’ म्हटले की मेंढ्यांकडे सरळ चालत जावयाचे, ‘लाय डाउन’ म्हटले की जागीच बसावयाचे. पुढे याच हुकमांना शिट्टीचे सूर जोडतात, कारण वाऱ्यात माणसाचा आवाज विरून जातो आणि त्याचा राग किंवा घाबरटपणा कुत्र्याला ऐकू जातो. शिट्टी दूरवर पोहोचते आणि तिच्यात राग नसतो. दोन कुत्री एकाच वेळी कामाला असली तर प्रत्येकाचे सूर निराळे ठेवतात.

माणसाकडे मेंढ्या आणणे कुत्र्याला स्वाभाविक वाटते. माणसापासून दूर हाकून नेणे त्याच्या स्वभावाविरुद्ध असते. तेथे तोल सोडून माणसाच्याच बाजूला उभे राहावे लागते, म्हणून हा धडा सावकाश आणि उशिरा शिकवितात. त्याहून अवघड काम म्हणजे कळपातून काही मेंढ्या निराळ्या काढणे. सर्व एकत्र ठेवण्यासाठी जन्मलेल्या कुत्र्याला मेंढ्यांच्या मध्ये शिरून कळप दुभंगावयास सांगणे, म्हणजे त्याच्या अंतःप्रेरणेलाच बाजूला सारावयास सांगणे होय. तरीही आजारी मेंढी पकडावयाची असली किंवा विकावयाच्या मेंढ्या वेगळ्या काढावयाच्या असल्या, तर याच्यावाचून चालत नाही.

थांबण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर मेंढीच्या शरीरात आहे. प्रत्येक मेंढीभोवती एक न दिसणारे कुंपण असते. कुत्रा त्याच्या बाहेर राहिला तर मेंढी मान वर करून पाहते; काठावर आला तर शांतपणे चालू लागते; आत घुसला तर उधळते. उधळलेली मेंढी तारेच्या कुंपणात अडकते, ओढ्यात पडते, आणि गाभण असली तर गाभ टाकते. वर्षाकाठी मिळणारी कोकरे हेच डोंगरी शेतकऱ्याचे उत्पन्न. तेव्हा कुत्र्याचे एक पाऊल पुढे पडणे म्हणजे शेतकऱ्याच्या घासावर पडणे. कुत्र्याने दुसऱ्याच्या मेंढ्यांना त्रास दिला तर मालकाला गुन्हेगार ठरविणारा कायदा ब्रिटनमध्ये १९५३ साली झाला, आणि गाभ जाण्याचा संभव असलेला नुसता पाठलागही त्या कायद्याने अपराधात धरला. मेंढ्या मारण्याची चटक लागलेल्या कुत्र्याला डोंगरी मुलखात सहसा जीवदान मिळत नाही. शिकार आणि सेवा यांच्यामध्ये अंतर असते ते वेळेवर थांबण्याचे, आणि त्या अंतरावरच कुत्र्याचा स्वतःचा जीवही अवलंबून असतो.

परंतु हे थांबणे मारून शिकविता येत नाही. फार रागावले तर कोवळ्या मनाचा कुत्रा शेपूट घालून घरी निघून जातो, किंवा मेंढ्यांकडे पाठ फिरवून उभा राहतो. म्हणून मेंढपाळ कुत्रा आणि मेंढ्या यांच्यामध्ये स्वतः जाऊन उभा राहतो. कुत्रा दूर राहून वळसा घेऊ लागला की तो बाजूला होतो. आत घुसू लागला की पुन्हा आड येतो. योग्य वागले तर वाट मोकळी, अयोग्य वागले तर वाट बंद, एवढे त्याला लवकरच उमगते.

तथापि आज्ञाधारकपणाची मर्यादाही जाणत्या मेंढपाळाने ओळखावी लागते. ऊठ-बस हुकूम सोडीत राहिले, तर कुत्रा मेंढ्यांकडे न पाहता धन्याच्या तोंडाकडे पाहू लागतो. डोंगराच्या पलीकडे गेल्यावर असा कुत्रा निरुपयोगी, कारण तेथे धनी त्याला दिसत नाही आणि धन्याला मेंढ्या दिसत नाहीत. एट्रिकचा मेंढपाळ म्हणून विख्यात असलेला स्कॉटिश लेखक जेम्स हॉग (१७७०–१८३५) याने आपल्या सिरा नावाच्या कुत्र्याची हकीगत लिहून ठेवली आहे. मध्यरात्री सुमारे सातशे कोकरे तीन टोळ्या करून अंधारात पसार झाली. माणसे रात्रभर शोधून थकली. सकाळी एका खोल घळीत सारी कोकरे एकत्र सापडली, आणि त्यांच्यापुढे सिरा एकटा पहारा देत उभा होता. त्या रात्री त्याला हुकूम देणारे जवळ कोणीही नव्हते.

ही दुहेरी कसोटी शर्यतींतही दिसते. वेल्समधील बाला येथे १८७३ साली ब्रिटनमधील मेंढपाळी कुत्र्यांची पहिली शर्यत झाली, आणि आंतरराष्ट्रीय मेंढपाळी कुत्रा संस्था १९०६ साली स्थापन झाली. या संस्थेच्या सर्वोच्च स्पर्धेत कुत्र्याने दहा मेंढ्या दुरून आणल्यावर, त्या तशाच सोडून मागे वळावयाचे आणि दुसऱ्या दिशेला असलेल्या, त्याला अद्याप न दिसलेल्या आणखी दहा मेंढ्या शोधून आणावयाच्या असतात. हातचे सोडावयास आज्ञापालन लागते. न दिसणारे शोधावयास स्वतःची बुद्धी आणि धन्याच्या शब्दावर विश्वास लागतो.

आज या डोंगरांवर चार चाकांच्या मोटारसायकली फिरतात. तरी खडकाळ उतारावर आणि दलदलीत कुत्र्याला पर्याय निघालेला नाही. २०२१ साली वेल्समधील एका लिलावात किम नावाच्या, जेमतेम वर्षाच्या पण पूर्ण शिकलेल्या कुत्रीला २७ हजार पौंडांहून अधिक किंमत आली. ही किंमत तिच्या पळण्याची नव्हे; पळणारी कुत्री पुष्कळ मिळतात. काम संपले म्हणजे मेंढपाळ ‘दॅट विल डू’, म्हणजे ‘पुरे आता’, एवढेच म्हणतो. ते शब्द कानी पडताच डोळ्यांसमोर मेंढ्या असूनही त्यांच्यावरची नजर काढून जो कुत्रा धन्याच्या पायाशी येतो, त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे समजतात.