कोळसा आधी आकसतो, मग फुगतो

वैशाखात वरवट बकालच्या शिवारात काळ्या जमिनीला अशा भेगा पडतात की हात मनगटापर्यंत आत जातो. मृगाचे दोन पाऊस झाले की माती फुगते आणि भेगा मिटतात. पाणी मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये शिरून त्यांना दूर सारतं. काळ्या रानातल्या घरांच्या भिंती तडकतात त्या यामुळेच. लाकडाचा कोळसाही असाच अंग बदलतो, पण हजारात एखाद्या भागाने, म्हणून ते नजरेला दिसत नाही.

पऱ्हाटीचा विझलेला, कोरडा कोळसा पेलाभर पाण्यात दाबून धरा. बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. ही छिद्रांमधली हवा. असा कोळसा आठ-नऊशे अंशांवर वाफेत तापवला की छिद्रं आणखी मोकळी होतात आणि सक्रिय कोळसा तयार होतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये हजारेक चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे चार ग्रॅमच्या चिमटीत एकरभर रान! आरओ यंत्रात पडद्याच्या आधी हाच कोळसा क्लोरीन आणि वास काढून घेतो. मीठ मात्र त्याला धरता येत नाही. खारपाणपट्ट्यात हे पक्कं लक्षात ठेवायला हवं; नुसत्या कोळशाच्या फिल्टरने पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणी गोडं होत नाही.

या छिद्रांमध्ये कार्बन डायऑक्साइड शोषताना कोळसा फुगतो, हे १९२७ मध्ये मीहान या संशोधकाने मोजून दाखवलं. पुढच्याच वर्षी बँगहॅम आणि फाखुरी यांनी इतर वायू-वाफांवर तेच पाहिलं. कोणत्याही घन पदार्थाचा पृष्ठभाग किंचित ताणलेला असतो. त्यावर रेणू बसले की ताण सैलावतो आणि पदार्थ पसरतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. मात्र १९४७ मध्ये हेन्स आणि मॅकिन्टॉश यांना काही वाफांच्या बाबतीत वेगळंच आढळलं. सुरुवातीची थोडी वाफ आत शिरली तेव्हा कोळसा चक्क आकसला!

मला यातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. अतिशय अरुंद छिद्रात शिरलेला एकटा रेणू दोन्ही भिंतींना एकाच वेळी ओढतो, त्यामुळे भिंती जवळ येतात. मागून आणखी रेणू आले की दाटी होते, आणि आता तेच भिंतींना रेटू लागतात. मोठ्या छिद्रांत वाफेचा द्रव होतो तेव्हा पुन्हा आकसणं घडतं. दोन ओल्या काचा जशा एकमेकींना ओढून धरतात, तसा हा द्रवाचा वक्र पृष्ठभाग भिंतींना ओढतो. छिद्र काठोकाठ भरलं की ही ओढ संपते आणि कोळसा पुन्हा पसरतो. काळी माती पाण्याने सरळ फुगत जाते. कोळशाची वाट अशी वळणावळणाची आहे.

वणी-चंद्रपूरकडे निघतो तसला दगडी कोळसाही सच्छिद्रच. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करण्यासाठी तो खोल कोळसाथरांत कोंडावा, असा विचार जगभर झाला. पण वायू शोषून कोळसा शंभरात एखाद-दोन भाग फुगतो, आणि ज्या फटींतून वायू आत जायचा त्याच मिटू लागतात, मृगातल्या भेगांसारख्या. मग वायू आत सारणं अवघड होत जातं.