उंदरांचा मधुमेह आणि आपला मधुमेह

'अमुक वनस्पतीच्या अर्काने उंदरांची साखर उतरली' अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. कधी कारले असते, कधी मेथी, कधी जांभळाच्या बिया. पण त्या उंदरांना मधुमेह झाला कसा, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. बऱ्याचदा तो त्यांना मुद्दाम दिलेला असतो, एका रसायनाचे इंजेक्शन टोचून. त्या रसायनाचे नाव स्ट्रेप्टोझोटोसिन.

पूर्वी हे काम शस्त्रक्रियेने होई. 1889 मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. पुढे 1943 मध्ये ग्लासगो येथे डन आणि त्यांचे सहकारी मूत्रपिंडाच्या विकाराचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी सशांना ॲलॉक्सन नावाचे रसायन टोचले आणि अनपेक्षितपणे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच मेल्याचे त्यांना दिसले. शस्त्रक्रियेविना मधुमेह घडवण्याची वाट सापडली ती अशी.

स्ट्रेप्टोझोटोसिन त्यानंतरचे. मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळाले. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन ज्या कुळातून आले, त्याच कुळातला हा जिवाणू. आधी त्याकडे प्रतिजैविक म्हणून पाहिले जात होते. 1963 मध्ये त्याने उंदीर आणि कुत्र्यांना मधुमेह होतो, हे लक्षात आले.

ते नेमक्या याच पेशी कशा गाठते? त्याच्या रेणूला ग्लुकोजचा तुकडा जोडलेला असतो. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींना ग्लुकोज आत घेण्यासाठी एक खास दार असते. ओळखीचा पाहुणा समजून त्या दार उघडतात, आणि आत शिरलेले विष पेशीतील डीएनएची मोडतोड करते. पेशी मरताना त्यांच्यातले इन्सुलिन एकदम बाहेर सांडते आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. म्हणून संशोधक त्या रात्री उंदरांना साखरेचे पाणी ठेवतात. दोन-तीन दिवसांत साखर चढते आणि उंदीर मधुमेही होतो. माणसाच्या बीटा पेशींत हे दार उंदरांच्या मानाने फार कमी असते. त्यामुळे त्या या विषाला सहजी बळी पडत नाहीत. बीटा पेशींवरचा हाच मारा ओळखून स्वादुपिंडाच्या एका विशिष्ट कर्करोगावर हे औषध वापरले जाते. अमेरिकेत त्याला 1982 मध्ये मान्यता मिळाली.

आता मुद्द्याकडे येऊ. एका इंजेक्शनने बीटा पेशी मारलेला उंदीर आणि आपल्या घरातले मधुमेही काका, यांचा आजार एकच का? आपल्याकडे बहुतेकांना असतो तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यात सुरुवातीला इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि बीटा पेशी वर्षानुवर्षे हळूहळू थकतात. याच्या जवळ जाण्यासाठी संशोधक उंदरांना आधी तेलकट-तुपकट आहार देऊन मग कमी मात्रेत हे रसायन देतात. तरीही ती नक्कलच.

शिवाय एक मोठी फसगत संभवते. औषध विषाच्या आधी दिले आणि उंदीर वाचला, तर औषधाने मधुमेह बरा केला की नुसते विष निकामी केले? निकोटिनामाइड हे ब-3 जीवनसत्त्वाचे रूप उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिनपासून वाचवते. त्यावर आशा ठेवून युरोपात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका असलेल्या साडेपाचशेच्या आसपास लोकांवर मोठी चाचणी झाली. 2004 मध्ये निष्कर्ष आला: माणसांत मधुमेह टळला नाही.

म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग व्यर्थ, असे मात्र नाही. 1921 मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा गुण पाहिला तो कुत्र्यांवरच. पण तो माणसांवर सिद्ध झाला, तेव्हाच औषध ठरला.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने देशात सुमारे 10 कोटी मधुमेही असल्याचे सांगितले. त्यातले कुणी अशी बातमी वाचून गोळ्या बंद केल्या, तर त्याची किंमत डोळे, मूत्रपिंडे आणि पाय मोजतात. तेव्हा पुढच्या वेळी तीन प्रश्न विचारा: उंदरांना मधुमेह कशाने झाला होता? औषध आधी दिले की नंतर? आणि माणसांवर चाचणी झाली का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर बातमी आवडीने वाचा, पण गोळी वेळेवर घ्या.