टेम्प्लेटला हात कुठे लावावा

वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल यांपैकी काहीही घ्या, टेम्प्लेट तयार मिळते आणि दुपारभरात संकेतस्थळ उभे राहते. खरे काम त्यानंतर सुरू होते. शीर्षकाचा रंग पसंत नसतो, उजव्या पट्टीतले मॉड्यूल अंगावर येते, तळटीप वाचताना डोळे बारीक करावे लागतात. मग कुणीतरी फाइल उघडून दिसेल तिथे दुरुस्ती करतो. किती बदल केला याला इथे फारसे महत्त्व नाही, तो कुठे केला यावर पुढची चारपाच वर्षे ठरतात. मजकूर मराठी असेल तर बदल न करण्याची सोयच नाही, त्यामुळे जागेचा प्रश्न आपल्याला इतरांहून अधिक छळतो.

होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर 1994मध्ये पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर 1996मध्ये तिच्या पहिल्या आवृत्तीला डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली. पानाचे रूप एकाच्या मालकीचे नसते, हे या रचनेने पहिल्यापासून गृहीत धरले होते. ब्राउझरचे नियम, पान बनवणाऱ्याचे नियम आणि वाचणाऱ्याची पसंती हे एकावर एक बसतात आणि त्यांत कुणाचे चालेल याचा क्रम ठरलेला असतो. डेव्ह शे यांच्या सीएसएस झेन गार्डनने 2003मध्ये एकच एचटीएमएल कायम ठेवून पानाला अनेक चेहरे देता येतात हे दाखवले. फेब्रुवारी 2005मध्ये वर्डप्रेस 1.5मध्ये थीम आल्या. जानेवारी 2008च्या जूमला 1.5ने मूळ फाइलला न शिवता तिची प्रत टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये ठेवून रूप बदलण्याची, म्हणजे ओव्हरराइडची, वाट दिली. मूळ वस्तू दुसऱ्याची, वरचा थर आपला, असा हा व्यवहार आहे.

तरीही तो सर्रास मोडला जातो. टेम्प्लेटच्याच फाइलमध्ये चार ओळी घातल्या की काम लगेच दिसते, हे त्याचे आकर्षण. पुढचे अपडेट आले की त्या ओळी पुसल्या जातात. मग यावर उपाय म्हणून अपडेटच थांबवले जाते, आणि रंगाच्या चार ओळींसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या महिनोन्महिने अडतात. ‘आमचे स्थळ लहान, अपडेट हवेच कशाला’ असा युक्तिवाद होतो. पण जुन्या आवृत्तीतली भोके शोधणारी यंत्रे स्थळाचा आकार पाहून वाट वाकडी करत नाहीत. शिवाय पर्याय फारसा महागही नाही. वर्डप्रेसमध्ये मूळ थीमवर आपला थर चढवणारी चाइल्ड थीम असते. जूमलाच्या कॅसिओपिआ टेम्प्लेटमध्ये ‘युजर डॉट सीएसएस’ नावाची फाइल ठेवली की ती आपोआप वाचली जाते. वर्डप्रेसच्या कस्टमायझरमधली ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’ची चौकट 2016अखेरच्या 4.7पासून आहे. ती सोपी खरी, पण तिथले नियम त्या त्या थीमशी बांधलेले असतात. थीम बदलली की ते लागू होत नाहीत आणि नियम कुठे गेले म्हणून शोधाशोध सुरू होते.

मॉड्यूलच्या बाबतीत जागा आणखी बारीक होते. जूमला 3मध्ये प्रत्येक मॉड्यूलला क्लासचा प्रत्यय देता येई. चौकटीत ‘लाल’ असे काही लिहिले तर ते मॉड्यूलच्या मूळ क्लासला चिकटून एक नवेच नाव तयार होई, आणि टेम्प्लेटने मूळ नावाला दिलेली सगळी शैली गळून पडे. तोच शब्द आधी एक रिकामी जागा सोडून लिहिला, तर मूळ क्लास शाबूत राहून दुसरा त्याच्या जोडीला येई. त्या एका मोकळ्या जागेने किती जणांची संध्याकाळ खाल्ली असेल, देव जाणे.

नियम लागू होत नाही म्हटल्यावर बहुतेकांचा हात नियमाला सक्तीचा करणाऱ्या ‘इम्पॉर्टंट’ या शेऱ्याकडे जातो. एकाने लावला की दुसऱ्या प्लगिननेही लावलेला आढळतो, आणि मग त्याला हरवायला सिलेक्टरची साखळी लांबवत बसावे लागते. 2022मध्ये सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आलेल्या कॅस्केड लेयर्समुळे या चढाओढीला उतारा मिळाला आहे: टेम्प्लेटचे नियम खालच्या थरात आणि आपले वरच्या थरात असे आधीच जाहीर करता येते. मात्र थरात न घातलेला साधा नियम थरातल्यांवर मात करतो, म्हणून मूळ टेम्प्लेट थर वापरत नसेल तर आपले नियम थरात घालणे म्हणजे स्वतःहून खाली बसणे. ओव्हरराइडचीही किंमत असते. ती प्रत जिथल्या तिथे राहते, मूळ फाइलमधली नंतरची दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी सीएसएस, आणि त्याने भागले नाही तरच ओव्हरराइड, असा क्रम मला योग्य वाटतो.

आता देवनागरी. बाजारातली बहुतेक टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात, आणि त्यांची गृहीतके शीर्षकांत उघडी पडतात. शीर्षकाची लाइन-हाइट 1.1, अक्षरांमधले अंतर थोडे वाढवलेले, सगळी अक्षरे कॅपिटल आणि चौकटीबाहेर जाणारे काहीही झाकलेले, ही तिकडची नेहमीची सजावट. त्यात ‘स्फूर्ती’ हा शब्द घाला. वर वेलांटी आणि रफार, खाली दीर्घ ऊकार. दोन्ही टोके कापली जाण्याची शक्यता. अक्षरांत अंतर टाकले की शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. कॅपिटलचा आपल्याकडे परिणाम शून्य, पण शीर्षकाचा सगळा भारदस्तपणा त्यावरच बेतलेला असल्याने ते पुळचट दिसते. तिरप्या अक्षरांसाठी फाँटमध्ये सोय नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरेच वाकडी करून दाखवतो.

फाँटचे तर वेगळेच. मोंतसेरात हा लोकप्रिय फाँट घ्या. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे मराठी मजकूर यंत्रात असेल त्या फाँटवर जातो: विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. एकाच पानाची तीन रूपे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता किंवा इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स यांत दोन्ही लिप्या एकत्र बेतलेल्या आहेत आणि ते मोफत मिळतात. याउपर स्थळाची भाषा मराठी म्हणून नोंदवली नाही, तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ फाँटमध्ये असूनही हिंदी वळणाचे दिसू शकतात. वर्डप्रेसमध्ये हे सेटिंगमधल्या एका निवडीचे काम आहे.

ब्लॉक एडिटर आल्यापासून हे सगळे कालबाह्य झाले, असे म्हणणारे आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: 2018अखेरच्या वर्डप्रेस 5.0ने ब्लॉक आणले, 5.8ने ‘थीम डॉट जेसन’ आणले, आणि रंग, अंतरे, ओळीची उंची एका ठिकाणी नोंदवता येऊ लागली. पण त्यातही मूळ थीमची फाइल, तिच्यावर चाइल्ड थीमची आणि सर्वांत वर वापरकर्त्याची निवड असाच क्रम आहे. म्हणजे थर मिटले नाहीत, त्यांना बटणे मिळाली. आणि ओळीच्या उंचीचा आकडा बहुतेक वेळा पूर्वीसारखाच इंग्रजी मजकूर पाहून ठरलेला असतो. डेमोमधली देखणी पाने दोन-तीन शब्दांच्या इंग्रजी शीर्षकांवर उभी असतात. निवड करण्याआधी त्याच चौकटीत आपल्याकडचे सर्वांत लांब, जोडाक्षरांनी भरलेले शीर्षक टाकून पाहिले, तर किती आकडे बदलावे लागणार याचा अंदाज पहिल्याच दिवशी येतो.