दुखणं अंगावर काढू नका!

मैत्रिणींनो, यजमानांना दोन शिंका आल्या की आपण काढा उकळतो, मुलाचं अंग जरा कोमट लागलं की दवाखाना गाठतो. आपली कंबर मात्र दिवाळीपासून दुखतेय, तिचं काय? "बघू सवडीनं!" आमच्या अकोल्यात काय किंवा तुमच्या गावात काय, घरोघरी हीच तऱ्हा.

पण बायकांना दवाखाना किती उशिरा मिळाला, ठाऊक आहे? मुंबईचंच पाहा. तिथं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झालं. शहर झपाट्यानं वाढत होतं. औषधं होती, डॉक्टरही होते. पण सारे पुरुष! परक्या पुरुषापुढं दुखणं सांगायचं कसं? बाळंतपण म्हणजे सुईण आणि नशीब. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं पहिलं बाळ जेमतेम दहा दिवसांचं होऊन गेलं. त्या दुःखातूनच त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या.

अखेर १८८३ च्या सुमारास सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी यांनी निधी उभारला. दवाखाना बायकांचा आणि डॉक्टरही बाईच, हा त्यांचा आग्रह. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी भरघोस देणगी दिली. इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची आल्या. एडिंबरो विद्यापीठानं बाई म्हणून त्यांना पदवी नाकारली होती, तरी त्या हटल्या नव्हत्या. १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडलं. त्याच वर्षी आनंदीबाईही डॉक्टर झाल्या, पण हाय! १८८७ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी क्षयानं त्यांना नेलं.

त्यांच्यामागून रखमाबाई आल्या. बालपणी लावलेलं लग्न नाकारून कोर्टात उभ्या राहिलेल्या या बाईला डॉ. पीचींनी विलायतेला जायला मदत केली. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढं सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. १९२६ मध्ये परळला के. ई. एम. आणि वाडिया प्रसूतिगृह झालं, तेव्हा कुठं गिरणीकामगारांच्या बायकांनाही घराजवळ उपचार मिळू लागले.

आज अकोल्यात ग्रामीण रुग्णालय आहे. मोठं दुखणं असलं तर संगमनेर, नाशिक गाठता येतं. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे, अगदी सिझेरियनसुद्धा. अडल्यावेळी १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. उरलं काय? आपण तोंड उघडणं!

स्तनात गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं, विनाकारण वजन उतरलं, तर घरगुती औषधांत दिवस घालवू नका. संकोच वाटला तर "डॉक्टरीणबाई आहेत का?" असं खुशाल विचारा. त्यात लाज कसली? आणि कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडता ना, तिथंच आपल्या तपासणीची तारीखही लिहून ठेवा. तो दिवस मात्र चुकवू नका!