दुर्गाबाई खोटे : प्रतिष्ठा आणि उपजीविका

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. भोकरदनच्या मंदिरातील सकाळचे प्रवचन आटोपून आम्ही मंडळी बाहेर पडत असता आमच्या समाजातील एक व्यापारी गृहस्थ माझ्याजवळ आले आणि मला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, एक अडचण आहे. मुलगी बी. कॉम. झाली. आता म्हणते, संभाजीनगरला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकायचं. तुम्ही जन्मभर बँकेत होता, तुम्हीच सांगा, यात पोट भरतं का? आणि भरलं तरी लोक काय म्हणतील?"

त्यांचे दोन्ही प्रश्न योग्य होते. कर्जाचा अर्ज तपासताना बँकेतही हेच दोन प्रश्न विचारले जातात : उत्पन्नाचा मार्ग कोणता आणि पत कशी आहे? मी त्यांना त्याच क्षणी उत्तर दिले नाही. घरी आल्यावर मात्र राहून राहून एका स्त्रीचे स्मरण होऊ लागले. हेच दोन प्रश्न सुमारे नव्वद वर्षांपूर्वी तिच्यासमोर उभे राहिले होते आणि त्यांची उत्तरे देण्यात तिचे सारे आयुष्य गेले. ती स्त्री म्हणजे दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंची आणि माझी पहिली भेट तंबूतील पडद्यावर झाली. आमच्या लहानपणी गावात टुरिंग टॉकीज येत असे. घरी रात्रिभोजनाचा त्याग असल्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, मग तंबूत जाऊन बसायचे आणि मध्यंतरात इतर मुले शेंगदाणे खात असताना आपण नुसते पाहत राहायचे, असा आमचा शिरस्ता होता. 'मुगल-ए-आझम' मी असाच पाहिला. सलीम आणि अनारकली सर्वांच्याच लक्षात राहतात. माझ्या मनात मात्र बादशहा पती आणि बंडखोर पुत्र यांच्यामध्ये चिरडली जाणारी जोधाबाई घर करून राहिली. तिचे डोळे पाहून आई हळूच पदराने डोळे टिपत होती, एवढे मला आठवते. त्या अभिनेत्रीचे स्वतःचे जीवन मी पुष्कळ वर्षांनी, १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मी, दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात वाचले.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत, लाड घराण्यात झाला. वडील पांडुरंगराव लाड हे सॉलिसिटर. कांदेवाडीतील मोठे एकत्र कुटुंब, कॅथीड्रल शाळेतील शिक्षण, पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय, असे त्यांचे बालपण आणि तारुण्य सुखात गेले. विवाह झाला तो खोटे यांच्या तशाच नामांकित आणि सधन घराण्यात. परंतु लक्ष्मी चंचल असते. सासरचे वैभव ओसरले, पदरी दोन लहान मुलगे होते आणि ऐन तारुण्यात वैधव्यही आले. दुसऱ्याच्या आधाराने दिवस कंठणे हा एक मार्ग त्यांच्यापुढे होता. स्वतः कमावणे हा दुसरा. दुर्गाबाईंनी दुसरा मार्ग स्वीकारला. प्रारंभी त्यांनी शिकवण्या केल्या. शिकवण्यांच्या मिळकतीत एवढा संसार चालणे कठीणच होते.

अशा वेळी चित्रपटातील एका छोट्या कामाची विचारणा झाली. मोहन भवनानी यांचा 'फरेबी जाल' हा तो चित्रपट, साल १९३१. काम अवघ्या काही मिनिटांचे. उरलेल्या चित्रपटात काय आहे याची दुर्गाबाईंना कल्पना नव्हती. चित्रपट सुमार निघाला आणि जाहिरातीत त्यांच्या माहेरच्या व सासरच्या प्रतिष्ठित नावांचा वापर करून घेण्यात आला. दोन्ही घराण्यांतून आणि समाजातून निंदेचा वर्षाव झाला. कागद पूर्ण वाचल्यावाचून सही करू नये, हे आम्ही खातेदारांना किती वेळा सांगत असू! त्या तरुण मातेला हा धडा भर बाजारात मिळाला.

येथेच सारे संपायचे. पण त्याच छोट्या कामामुळे कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांताराम यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. आपल्या वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट ही, की शांतारामबापूंचे वडील राजाराम वणकुद्रे हे जैन होते. प्रभातची स्थापना १९२९ मधील. मूकपटांचा काळ सरत होता आणि कंपनी आपला पहिला बोलपट काढण्याच्या तयारीत होती. विषय राजा हरिश्चंद्राचा, चित्रपटाचे नाव 'अयोध्येचा राजा'. राणी तारामतीसाठी त्यांनी दुर्गाबाईंना पाचारण केले. एकदा पोळलेली व्यक्ती पुन्हा त्या वाटेने जाण्यास कचरणारच. तरीही त्या कोल्हापूरला गेल्या.

हे धाडस केवढे होते, हे समजण्यासाठी एक जुनी गोष्ट आठवावी लागते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नाही. अखेर अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने साडी नेसून ती भूमिका केली. रंगभूमीवर तर बालगंधर्वांचे राज्य होते. कुलीन स्त्रीने तोंडाला रंग लावणे ही कल्पनाही कोणी करीत नसे. त्यानंतर १९ वर्षांनी, १९३२ मध्ये, तीच तारामती एका सुशिक्षित, घरंदाज स्त्रीने साकार केली. गोविंदराव टेंबे हे तिचे हरिश्चंद्र. पार्श्वगायनाची सोय त्या काळी नव्हती. संवादही आपल्याच तोंडी आणि गाणेही आपल्याच गळ्यातून, अशी ती परीक्षा होती. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघालेला हा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. सत्यासाठी राज्य सोडणारा राजा आणि भर बाजारात विकली जाऊनही धीर न सोडणारी राणी ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. पडद्यावरची ती राणी प्रत्यक्ष जीवनातही वैभवातून कष्टाकडे आली होती. काल बोटे मोडणारे लोक आता तिकीट काढून रांगेत उभे राहिले.

एका यशाने आयुष्यभराची शिदोरी मिळत नाही. दुर्गाबाईंच्या पुढील वाटचालीतील व्यवहारचातुर्य माझ्यासारख्याला विशेष भावते. त्या काळी कलावंत एखाद्या कंपनीत मासिक वेतनावर बांधलेले असत. दुर्गाबाई एकाच कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. प्रभातमध्ये त्यांनी 'माया मच्छिंद्र' केला आणि कलकत्त्याला जाऊन देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) या चित्रपटांत भूमिका केल्या. 'सीता'मध्ये राम होते पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला. पुन्हा प्रभातमध्ये येऊन त्यांनी 'अमर ज्योती' (१९३६) केला. त्यातील सौदामिनी आठवावी. पोटच्या मुलाचा ताबा आईला नाकारणाऱ्या कायद्याविरुद्ध बंड करून ती समुद्रावरची चाचीण होते. दोन मुलांसाठी घराबाहेर पडलेल्या आईने ती भूमिका कोणत्या भावनेने केली असेल, हे वाचकांनीच ताडावे. पुढे १९३७ च्या सुमारास 'साथी'च्या रूपाने त्या निर्मितीच्या क्षेत्रातही उतरल्या.

दुसरे चातुर्य वयाच्या बाबतीतील. नायिकेचे वय सरले की अभिनेत्रीचे दुकान बंद, हा या धंद्याचा अलिखित नियम. दुर्गाबाईंनी वय लपविले नाही, उलट त्याचेच भांडवल केले. १९४१ साली आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'त त्यांनी खाष्ट सासू रंगविली, तेव्हा त्या अवघ्या ३६ वर्षांच्या होत्या. वनमाला या त्यांच्या सोशिक सूनबाई. पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप'मध्ये त्या कैकेयी झाल्या. सीतेची भूमिका करून पूज्य झालेली स्त्री कैकेयी व्हायला कचरली असती. त्या कचरल्या नाहीत. काम चोख केले म्हणजे लोक भूमिका आणि माणूस यांतील भेद ओळखतात, एवढा विश्वास तोवर त्यांनी कमावला होता.

१९४३ मध्ये सोहराब मोदी यांच्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये त्यांनी मृणालवती साकारली. ही कथा आपल्याला परकी नाही. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी आचार्य मेरुतुंग यांनी 'प्रबंधचिंतामणी'त ती सांगितली आहे आणि कन्हैयालाल मुनशी यांनी तिच्यावर कादंबरी लिहिली. मंत्र्याचा सल्ला न मानता माळव्याचा राजा मुंज गोदावरी ओलांडून तैलपावर चालून येतो, बंदी होतो आणि तैलपाची बहीण मृणालवती त्याच्या प्रेमात पडते. आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी हीच ती गोदावरी. एका जैन आचार्यांनी लिहून ठेवलेली ही मानिनी सहा शतकांनंतर दुर्गाबाईंच्या रूपाने पडद्यावर बोलू लागली.

चित्रपटातून पैसा आणि कीर्ती मिळत असताना त्या रंगभूमीवरही आल्या. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी कामे केली. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'तील आनंदीबाई ही त्यांची गाजलेली भूमिका. 'ध' चा 'मा' करणारी ही बाई इतिहासात बदनाम आहे. तिचे करारी मन प्रेक्षकांना समजावून देणे सोपे नव्हते. १९५४ मध्ये शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'चे वि. वा. शिरवाडकर यांनी केलेले मराठी रूप 'राजमुकुट' रंगमंचावर आले. त्यातील महत्त्वाकांक्षी राणी दुर्गाबाईंनी उभी केली. चित्रपटात चूक झाली तर पुन्हा चित्रण करता येते. नाटकात रोज नव्याने परीक्षा असते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी ही परीक्षा स्वखुशीने दिली. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६१ मध्ये मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले.

याच काळात त्यांनी लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपट यांच्या निर्मितीचा व्यवसाय उभा केला. अभिनयाचे उत्पन्न अनिश्चित असते. त्याला दुसऱ्या उद्योगाची जोड असावी, हे त्यांनी वेळीच ओळखले. दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेली 'वागले की दुनिया' आठवते ना? आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसावर बेतलेली ती मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. महिनाअखेरीस खिसा चाचपणारा तो वागले आम्हा नोकरदारांना आपल्याच शाखेतला वाटे.

दुःखाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. ज्या मुलांसाठी हा सारा खटाटोप मांडला, त्यांपैकी हरीन हा मुलगा अकाली गेला. त्याची पत्नी विजया, म्हणजेच पुढे विजया मेहता या नावाने विख्यात झालेल्या दिग्दर्शिका. एका घरात सासू आणि सून दोघींनीही मराठी रंगभूमीची मनोभावे सेवा करावी, हा योग विरळा. पुत्रशोक पचवूनही दुर्गाबाई काम करीत राहिल्या. 'बॉबी'मधील प्रेमळ ब्रिगांझाबाई त्यांच्याच. 'बिदाई' (१९७४) या चित्रपटातील आईसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, त्या वेळी त्यांनी सत्तरी गाठली होती. १९६८ मध्ये पद्मश्री लाभलीच होती. त्यानंतर १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा सन्मान बोलपटाच्या तारामतीला मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

हे सारे मी त्या गृहस्थांना चार दिवसांनी त्यांच्या दुकानात बसून सांगितले. 'फरेबी जाल'चा अपमानही लपविला नाही, कारण त्यांची भीती निराधार नव्हती. या क्षेत्रात फसवणूक होते, काम मिळेल याची शाश्वती नसते आणि प्रत्येक मुलगी दुर्गाबाई होत नाही. परंतु दुर्गाबाईंची प्रतिष्ठा घराण्याच्या नावाने टिकली नाही. पहिल्या फटक्यात तेच नाव जाहिरातीत विकले गेले. मग पुढची साठ वर्षे लोकांनी त्यांना मान दिला तो त्यांच्या कामाकडे, वक्तशीरपणाकडे आणि संयमाकडे पाहून. आपल्या धर्मात संयम म्हणजे केवळ निषेध नव्हे. मन आणि इंद्रिये ताब्यात ठेवून आपले कर्तव्य करणे हाही संयमच आहे आणि तो दुकानात जसा पाळता येतो तसा रंगमंचावरही पाळता येतो.

मग मी मुलीला बोलावून घेतले आणि तीन गोष्टी सांगितल्या. शिक्षण अर्धवट सोडायचे नाही. कोणताही करार पूर्ण वाचल्याशिवाय, संहिता पाहिल्याशिवाय सही करायची नाही. आणि पहिल्या मानधनापासून स्वतःच्या नावाचे खाते ठेवून त्यात दरमहा काहीतरी शिल्लक टाकायची. मुलगी हसली आणि म्हणाली, "काका, तिसरी गोष्ट तुम्ही सांगणार हे मला ठाऊक होतं."

तिचे वडील बराच वेळ गल्ल्यावरील नाणी उगाच रचीत बसले होते. मी निघालो, तेव्हा ते मला पायरीपर्यंत सोडायला आले आणि इकडे तिकडे पाहून हलक्या आवाजात विचारते झाले, "साहेब, त्या नाट्यशास्त्राला शैक्षणिक कर्ज मिळतं का हो?"

विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी अर्ज करता येतो, कागदपत्रे घेऊन उद्या सकाळी घरी या, असे मी त्यांना सांगितले. ते प्रवचनाआधीच आले.