सापळ्यातले तीन भुंगेरे

मोठ्या संकटाची पहिली खबर किती लहान असू शकते, हे वाचकांनी या उदाहरणावरून पाहावे. २००२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, सव्हानाजवळच्या पोर्ट वेंटवर्थ येथे, पाहणीसाठी टांगलेल्या सापळ्यांत तीन भुंगेरे सापडले. लांबी जेमतेम २ मिलिमीटर. हा ‘झायलेबोरस ग्लॅब्रॅटस’ मूळचा आशियातला, भारतातही आढळणारा. मालाच्या वेष्टनाच्या लाकडातून तो तिकडे पोहोचला असावा.

हा कीटक लाकडावर पोट भरत नाही. खोडात बोगदा करून तो सोबत आणलेली बुरशी तेथे रुजवतो आणि तिच्यावर आपली पिल्ले पोसतो. तिकडच्या रेडबे वृक्षाला ही बुरशी अनोळखी होती. तिला अडवण्यासाठी झाड स्वतःच्याच पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते आणि उभ्याउभ्या वाळते. रेडबे हा आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातला. पुढे असे कोट्यवधी वृक्ष गेले, आणि त्याच कुळातल्या अ‍ॅव्होकॅडोच्या फ्लोरिडातील बागांतही हा मर रोग शिरला.

असा सापळा घरीही करता येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीला बाजूने खिडक्या कापाव्यात, ती उलटी टांगावी, आत स्पिरिटची कुपी अडकवावी आणि तळाशी साबणाचे पाणी ठेवावे. आजारी झाडातून मद्यार्काचा वास सुटतो; त्या वासाने आलेले भुंगेरे बाटलीवर आदळून पाण्यात पडतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झायलेबोरस ग्लॅब्रॅटसला स्पिरिटची फारशी ओढ नाही. त्याला झाडाच्या सुगंधी तेलाचा वास हवा. म्हणून त्याच्यासाठी अभ्यासक कबाबचिनीचे तेल वापरतात. तेव्हा सापळा रिकामा राहिला म्हणजे रानात कीड नाही, असे समजू नये. आमिष कोणते होते, हे आधी विचारावे.

सापळ्याने कीड थांबत नाही. भावाशी आधीच संयोग झालेली एक मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते. सगळ्या माद्या पकडणे अशक्यच. सापळा देतो तो अवधी. पण त्यासाठी दर आठवड्याला बाटली उतरवून कुणीतरी भुंगेरे मोजले पाहिजेत, तारीख आणि जागा लिहिली पाहिजे, अनोळखी कीटक जाणकाराकडे पाठवला पाहिजे. जॉर्जियात खबर आली तेव्हा तो कीटक किती घातक आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. झाडे वाळू लागल्यावर मागे वळून पाहणाऱ्यांना २००२ची ती नोंद सापडली, आणि संकट कुठून व केव्हा आले ते कळले.