सत्त्याण्णव टक्के

सकाळी ८. रात्रपाळीच्या डॉक्टरांकडून १०८ची गाडी ताब्यात. ऑक्सिजन सिलिंडर, सक्शन, मग ऑक्सिमीटर. प्रोब आधी माझ्याच बोटाला. आतली काच स्पिरिटने पुसतो. सुकलेलं रक्त राहिलं तर प्रकाश अडतो.

९.३०. बाळंतपणाची केस, वेळेत पोचवली.

११.१०. खोपोलीजवळ दुचाकीवाला. मांडी मोडलेली, पोट ताठ. पडद्यावर ९७. सोबतचा भाऊ विचारतो, "सत्त्याण्णव म्हणजे चांगलंच ना डॉक्टर?"

काय सांगावं? प्रोब बोटातून दोन प्रकाश सोडतो, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४०चा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त जास्त शोषतं, न घेतलेलं लाल. दर ठोक्याला या शोषणात जो चढउतार होतो, त्यावरून टक्केवारी निघते. हिमोग्लोबिन उरलंय किती, ते यात येत नाही. डेअरीवर फॅट लावतात तसंच हे. वाटेत निम्मं दूध सांडलं तरी फॅट तीच लागणार.

म्हणून मी आकड्यापेक्षा पडद्यावरची नाडीची लाट बघतो. ती चपटी झालेली. नाडी १३०. नख दाबून सोडलं, तर रंग परतायला दोन सेकंदांहून बराच जास्त वेळ. पेल्विक बाइंडर, मांडीला स्प्लिंट, दोन्ही हातांना सलाइन, आणि रुग्णालयाला फोन: रक्त तयार ठेवा. घाटाखाली पोचेतो आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. शरीर बोटांचं रक्त काढून हृदयामेंदूकडे वळवतं, मग प्रोबला ठोका सापडत नाही. गाडी चालवणारा पायलट म्हणाला, "सर, मशीन बंद पडलं." मशीन ठीक होतं.

२.००. डबा. हे ऑक्सिमीटर सुचलं ते जपानच्या ताकुओ आओयागींना. शिरेत रंग सोडून, कानावर प्रकाश टाकून ते हृदयाची क्षमता मोजत होते आणि नाडीचे ठोके त्यात सारखी लुडबुड करत होते. १९७४मध्ये त्यांनी ती लुडबुडच कामाला लावली. मला हा माणूस फार आवडतो.

४.४०. गच्चीवरून पडलेला मुलगा, डोक्याला मार. आता हातात धरून डोक्याच्या दोन्ही बाजूंवर अवरक्त प्रकाश टाकणारी यंत्रंही निघाली आहेत. रक्त साकळलेल्या बाजूला प्रकाश जास्त शोषला जातो. पण अडीच सेंटिमीटरहून खोल साकळलेलं रक्त त्यांना दिसत नाही, सीटी स्कॅन काही टळत नाही. आमच्याकडे टॉर्च: बाहुल्या सारख्या, मुलगा नाव सांगतो. मान बांधून निघालो.

७.१५. बंद खोलीत कोळशाची शेगडी, दोघं अर्धवट शुद्धीत. पडद्यावर ९९. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजनवालंच वाटतं. दोघांनाही मास्क, ऑक्सिजन पूर्ण.